लहान विमानातून वेल्सचे किल्ले आणि किनारा: ७१ वर्षांच्या बाबांना न्यावं का?

पर्वती_पायथा

नमस्कार मंडळी,

मी स्टॉकपोर्टला राहते, मँचेस्टरच्या बाजूला. आई-बाबा पुण्याहून तीन महिन्यांसाठी आलेत. बाबा ७१. आयुष्यभर पोस्टात नोकरी केली आणि सगळे रविवार गडांवर घालवले. राजगड किती वेळा झाला विचारलं तर "मोजायचं सोडून दिलं" म्हणतात. आता एक गुडघा बदललाय आणि दुसरा संपावर आहे.

गेल्या शनिवारी त्यांना कॉन्वीच्या किल्ल्यात नेलं. आत शिरेपर्यंत खूश होते. मग बुरुजाचा तो गोल जिना आला. खाली उभे राहून त्यांनी वर बघितलं, भिंतीला हात लावला आणि म्हणाले, "तुम्ही जाऊन या, मी इथे बसतो." मी वरून फोटो काढून आणले. त्यांनी एक-एक करून सगळे पाहिले, अगदी पाहुण्यांच्या लग्नाचा अल्बम बघावा तसे. परतीच्या गाडीत मला काही सुचेना.

तेव्हापासून नवऱ्याच्या डोक्यात एक खूळ आहे. कार्नार्वनजवळच्या छोट्या विमानतळावरून लहान विमानं किल्ल्यांवरून फिरवून आणतात म्हणे. कोणी गेलंय का? या वयात झेपतं का? चढता-उतरता येतं का? नक्की काय दिसतं, की नुसतं घरघर ऐकत ढगात बसायचं? आईने इंटरनेटवर फोटो बघून निकाल दिलाय: "रिक्षाला पंख लावलेत. मी येणार नाही आणि ह्यांनाही सोडणार नाही."

बाबांना अजून सांगितलेलं नाही.

---

कोल्हापूर_ते_कार्डिफ

जा, बिनधास्त जा. फक्त वेल्सच का धरून बसलात? इंग्लंडच्या ईशान्येला नॉर्थंबरलँडचा किनाराही बघून ठेवा. तिथे डन्स्टनबरा, बॅम्बरा आणि होली आयलंडवरचा लिंडिस्फार्न एका ओळीत किनाऱ्याने लागतात, विमानाला वळायचंही काम नाही. बॅम्बरा तर काळ्या कातळावर बसलाय, आपल्या सह्याद्रीच्या दगडाचा चुलतभाऊ शोभेल असा. आम्ही तो जमिनीवरूनच पाहिला, त्यामुळे विमानाबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही. स्वेटर घालून जा एवढं मात्र सांगतो.

---

दांडीवरचा

ताई, मी गेलोय. माझ्या बाबांना घेऊन, कार्नार्वनहूनच. बाबा तेव्हा ७४ वर्षांचे होते. मोठं लिहिणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी सगळ्यात महत्त्वाचं, जे कुठल्या जाहिरातीत लिहिलेलं नसतं: बुकिंग करताना घड्याळाआधी भरती बघा. आम्ही मालवणचे, आमच्या घरात कुठेही जायचं म्हटलं की पहिला प्रश्न भरती कधी हाच. पण इथे मीसुद्धा विसरलो होतो, बाबांनी आठवण करून दिली. उत्तर वेल्सचे हे किल्ले पाण्याच्या भरवशावर बांधलेत. ओहोटीला गेलात तर मेनाई सामुद्रधुनीत (अँगलसी बेट आणि वेल्सची मुख्य भूमी यांच्यामधली पाण्याची पट्टी) आणि कॉन्वीच्या खाडीत नुसता चिखल आणि वाळूचे पट्टे दिसतील. ते दिसायलाही सुंदर आहेत, वाळूत पाण्याच्या शिरा उमटलेल्या असतात, पण किल्ला तिथेच का बांधला ते मात्र कळत नाही. भरतीच्या आसपास गेलात तर पाणी थेट तटाशी येऊन टेकतं आणि जहाज कुठे लागत असेल ते कोणी न सांगता समजतं. भरतीच्या वेळा फुकट मिळतात. कंपनीला फोन करून त्या वेळेच्या अलीकडे-पलीकडे तासाभराचं उड्डाण मागा.

आता विमान. आमचं सेसना १७२ होतं. पंख डोक्यावर, खाली बघायला मोकळं. काही ठिकाणी पायपर असतं, त्याचा पंख खाली असतो, म्हणजे तुम्ही किल्ला बघायला आलात आणि बघताय पांढरा पत्रा. शिवाय त्याला दार एकच, तेही पंखावर चढून गाठायचं. बदललेल्या गुडघ्याला ते नको. फोनवर सरळ विचारा, पंख वर आहे का खाली.

सेसनात चढायला एक छोटी पायरी आहे. पुढची सीट रुळावर मागे सरकते. ती आधी पूर्ण मागे घ्यायला सांगा, मग बाबांना पाठमोरं टेकवा, मग एक-एक पाय आत. आम्ही तसंच केलं, दोन मिनिटं लागली. मी मात्र बाबांना सांभाळण्याच्या नादात पंखाच्या मागच्या कडेवर कपाळ आपटून घेतलं. पायलट म्हणाला, सेसनाशी ओळख झाली की हे चिन्ह मिळतंच. दोन दिवस गंध लावल्यासारखं दिसत होतं.

बाबांना पुढे पायलटशेजारी बसवलं, मी मागे. ही जागा सोडू नका. आणि पायलटला आधीच सांगून ठेवा की प्रत्येक किल्ल्याला उजवी घालायची, म्हणजे किल्ला कायम बाबांच्या बाजूला राहील. आमचा पायलट तिथलाच, घरी वेल्श बोलणारा. मी "देवळाला घालतात तशी प्रदक्षिणा" हे इंग्रजीत समजावण्याचा प्रयत्न केला, त्याने नुसतं बोट गोल फिरवून दाखवलं.

अजून एक गंमत. बाबांनी कानटोपी घातली होती आणि तिच्यावर हेडसेट. मग त्यांना काही ऐकू येईना आणि ते ओरडून बोलायला लागले, थेट सगळ्यांच्या कानात. हेडसेटची गादी कानाला घट्ट बसली तरच इंजिनचा आवाज अडतो. कानटोपी काढायला लावली तेव्हा, खरं सांगतो, विमानापेक्षा त्यांना सर्दीची भीती जास्त होती.

धावपट्टी समुद्राला लागूनच आहे. दुसऱ्या महायुद्धातला हवाई तळ हा, १९४१ चा. चाकं सुटली की लगेच खाली किनारा. शेजारी डिनास डिनले नावाची टेकडी आहे, जमिनीवरून बघितली तर गवताचा उंचवटा, बास. वरून, तिरक्या उन्हात, तिच्याभोवतीच्या मातीच्या तटांच्या सावल्या पडल्या आणि अख्खा लोहयुगातला गड उघडा पडला. त्याची समुद्राकडची बाजू लाटांनी खाऊन टाकलीय. बाबांनी तेवढ्यात विचारलं, "ह्याचो बाकीचो अर्धो खंय?" मी म्हटलं, समुद्रात.

मग मेनाईच्या तोंडाशी फोर्ट बेलन, अठराव्या शतकातला, पुळणीच्या टोकावर एकटाच. आणि मग कार्नार्वन.

ताई, कार्नार्वन मी चार वेळा पायी फिरलोय. वरून पाहिल्यावर कळलं की मी चारही वेळा नुसत्या भिंती बघत होतो. वरून किल्ला आणि गावाचा कोट एकच वस्तू दिसते: किल्ला म्हणजे कुलूप आणि गाव म्हणजे त्याला जोडलेली पेटी. एका बाजूला सियोंट नदी, दुसऱ्या बाजूला सामुद्रधुनी. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने १२८३ मध्ये हे काम काढलं, वेल्स जिंकल्यावर ते हातात ठेवायला. आतल्या गावात त्याने इंग्रज वसवले. बुरूज गोल नाहीत, बहुकोनी आहेत आणि भिंतीत वेगवेगळ्या रंगाच्या दगडांचे पट्टे आहेत. त्यात कॉन्स्टँटिनोपलच्या तटाची आठवण आहे असं म्हणतात. दोन हजार फुटांवरूनही ते पट्टे दिसतात.

बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे हे आपल्यासारखे नाहीत. आपण परक्याला बाहेर ठेवायला बांधले. इथे परक्यानेच येऊन बांधले." मी पायलटला हे भाषांतर करून सांगितलं. तो काही बोलला नाही. पण पुढे दक्षिणेला वळल्यावर त्याने आपणहून क्रिकेथवर एक जास्तीची फेरी मारली, समुद्रात घुसलेल्या टेकाडावर दोन जाड बुरुजांचा दरवाजा, आणि म्हणाला, हा आमचा. लेवेलिन ऍप योरवर्थ या वेल्श राजाने उभारलेला. त्या फेरीचे पैसे त्याने लावले नाहीत.

ब्यूमॅरिसला बाबा सीटवरून जवळजवळ उठले. १२९४ मध्ये वेल्श लोकांनी उठाव केला, कार्नार्वन घेतलंसुद्धा, म्हणून १२९५ मध्ये एडवर्डने अँगलसी बेटावर हा बांधायला घेतला. सपाट दलदलीची जागा, त्यामुळे डोंगराची आडकाठी नाही, कागदावर काढलं तसं बांधता आलं. तटाच्या आत तट, बाहेरचा बुटका, आतला उंच, भोवती पाण्याचा खंदक. बाबा म्हणाले, "हा सगळाच चिलखती!" राजगडाच्या संजीवनी माचीचा दुहेरी, चिलखती तट पाहिलेल्या तुमच्या बाबांनाही हाच शब्द सुचेल बघा. किल्ला अर्धवट आहे, स्कॉटलंडच्या लढाईत पैसा गेला आणि बुरूज ठरल्या उंचीपर्यंत पोचलेच नाहीत. खाली उभं राहिलं की हा किल्ला बुटका आणि जरा निराश वाटतो. त्याची घडण फक्त वरून कळते. एडवर्डच्या कार्नार्वन, ब्यूमॅरिस, कॉन्वी आणि हार्लेख या चारांतून एकच बघायचा झाला तर हा.

वाटेत बँगरजवळ एक भलामोठा दणदणीत किल्ला लागतो, पेनरिन. बाबा त्यावर भाळले. तो एकोणिसाव्या शतकातला हौसेचा वाडा आहे, जमैकातल्या उसाच्या मळ्यांच्या, म्हणजे गुलामांच्या कष्टाच्या आणि स्लेटच्या खाणींच्या पैशावर उभा. हे सांगितल्यावर त्यांनी तोंड फिरवलं.

कॉन्वी तुम्ही पाहिलाच आहे. आठ बुरूज आणि गावाभोवतीचा सव्वा किलोमीटरहून लांब कोट त्यांना एका नजरेत मिळेल. जिन्याचा राग निघेल.

शेवटी हार्लेख. याच्यासाठी मी हे सगळं लिहितोय. उंच कातळावर किल्ला आणि कड्यावरून खाली उतरणाऱ्या १०८ पायऱ्या (बाबा: "जपमाळेचे मणी"). एडवर्डच्या काळात समुद्र त्या पायऱ्यांच्या तळाशी होता. १२९४च्या उठावात वेढा पडला तेव्हा आयर्लंडहून गलबतांनी धान्य आलं आणि किल्ला तगला. आज समुद्र किलोमीटरभर तरी लांब आहे. मध्ये वाळूच्या टेकड्या, गोल्फचं मैदान, रेल्वे आणि घरं. बाबा खिडकीला नाक लावून बघत होते. "समुद्र खंय गेलो?" मी हसलो. पण ते विचारत होते ते मनापासून. दांडीच्या किनाऱ्यावर रोज सकाळी समोर सिंधुदुर्ग बघत वाढलेला माणूस आहे तो. किल्ला तिथेच आणि समुद्र निघून गेलेला, हे त्यांना पटेचना. उतरल्यावर गाडीत, मग जेवताना, मग रात्री फोनवर काकाला, तीच गजाल.

आणि हो, प्रत्येक किल्ल्यावर त्यांचा एक प्रश्न ठरलेला होता: पाणी कुठे? सिंधुदुर्गात खाऱ्या पाण्याच्या मधोमध दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा तीन गोड्या विहिरी आहेत, त्यामुळे हा प्रश्न आमच्याकडे रक्तातच असतो. पायलटला सांगता येईना. खाली उतरल्यावर कार्नार्वनच्या किल्ल्यात जाऊन बघितलं तर तिथे विहिरीचा वेगळा बुरूजच आहे, नावच वेल टॉवर. बाबांचं समाधान झालं आणि आम्ही चिप्स खायला गेलो.

तर न्या. पण आधी सांगून न्या, सरप्राइज देऊ नका. या वयात माणसाला आदल्या रात्री नकाशा बघायला मिळाला पाहिजे.

---

कोल्हापूर_ते_कार्डिफ

दांडीवरचे, दंडवत. नॉर्थंबरलँड मागे घेतो.

---

शेवाळ

वाचायला छान वाटलं, पण एक खडा टाकतोच. ही विमानं जे पेट्रोल जाळतात त्यात अजूनही शिसं असतं. गाड्यांमधून ते केव्हाच हद्दपार झालं. चार भिंती बघायला तासभर ते उडवत फिरायचं, खाली शाळा, शेतं, मेंढ्या. कॉन्वीच्या कोटावर काही भाग कमी चढणीचा आहे, तिथे बाबांना हळूहळू नेता येईल. व्हीलचेअर मागितली तर मिळतेही बऱ्याच ठिकाणी.

---

दांडीवरचा

शेवाळ, शिशाचं तुमचं म्हणणं खरं आहे, वाद घालत नाही. बाबांना आयुष्यात एकदा नेलं, रोज नाही. मी बोटीच्या डिझेलच्या धुरात वाढलो हे मात्र उत्तर नव्हे, ते मलाही कळतं.

---

हवाबाई

मी यॉर्कशरमध्ये राहते, खासगी पायलटचं लायसन्स आहे, सेसना आणि पायपर दोन्ही उडवते. (पायपरबद्दल जे लिहिलंय ते लागलं, पण खरं आहे.)

पर्वती_पायथा, तुमच्या आईंना सांगा की रिक्षाची उपमा चपखल आहे, सेसनालाही चाकं तीनच. फरक एवढाच की रिक्षाचं इंजिन बंद पडलं तर ती उभी राहते आणि सेसना तरंगत जाते. दोन हजार फुटांवरून वारा नसताना साधारण पाच किलोमीटर तरी. म्हणून पायलट सतत कुठलं शेत, कुठली पुळण हे मनात धरून असतो. पाण्यावरून जाताना कमरेला किंवा गळ्यात लाइफ जाकीट देतील. ते विमानाच्या आत फुगवायचं नसतं, बाहेर पडल्यावर फुगवायचं, हे आईंना मराठीत नीट सांगा, कारण सूचना भरभर इंग्रजीत उरकतात.

आता पैशाची गोष्ट, कारण इथे लोक घोळ घालतात. तिकीट लावून सहल घडवणाऱ्या कंपनीकडे त्यासाठीचा हवाई वाहतुकीचा परवाना लागतो. तो आहे का, हे विचारायला लाजू नका. दुसरा प्रकार म्हणजे माझ्यासारखा खासगी पायलट खर्च वाटून घेऊन लोकांना नेतो. ते कायदेशीर आहे, पण पायलटने आपला वाटा स्वतः भरायचा, इंधन, विमानभाडं, उतरण्याची फी एवढंच वाटायचं आणि नफा एक पेनीचाही नाही. कोणी "माझा खर्च तुम्हीच द्या, वर थोडे" म्हणालं तर तिथून निघा. तिसरा प्रकार म्हणजे प्रशिक्षकासोबतचा पहिला धडा. त्यात गिऱ्हाईक डाव्या सीटवर बसून स्वतः दांडा धरतं. बाबांना तो आवडेल कदाचित, पण मग किल्ले कोण बघणार.

वजन. ते विचारतील, खरं सांगा. कपड्यांसकट, बुटांसकट, पर्ससकट. चार सीट आहेत म्हणजे चार धष्टपुष्ट माणसं आणि भरलेली टाकी असा अर्थ नाही. सेसना १७२ ला ते झेपत नाही. तुम्ही तिघे आणि पायलट असं जायचं असेल तर इंधन कमी घ्यावं लागेल, मग फेरी लहान. दोघांनीच जाणं शहाणपणाचं. मला एकदा एका गृहस्थांनी वजन दहा किलो कमी सांगितलं होतं. त्यांच्याकडे बघूनच मी काट्याकडे बोट केलं.

हवा. तुमचा दिवस रद्द होईल असं धरूनच चाला. किनाऱ्यावर ऊन असतं आणि डोंगरावर ढग बसलेला असतो, हे एरीरीत (स्नोडोनियाचं मूळ वेल्श नाव, आता तिथलं राष्ट्रीय उद्यान हेच वापरतं) नेहमीचं. आम्हाला जमीन दिसली पाहिजे. डोंगराच्या बाजूने वारा आला की त्याच्या आडोशाला हवा खवळते, पोटातलं सगळं वर येतं. तेव्हा पायलट "आज नको" म्हणाला तर त्याच्याशी हुज्जत घालू नका, त्याला चहा पाजा. राहायचं ठिकाण दोन रात्रींचं घ्या म्हणजे दुसरी संधी मिळते. जमलं तर शनिवार-रविवार बघा, कारण अँगलसीवर व्हॅलीचा लष्करी तळ आहे आणि कामाच्या दिवशी तिथली जेट विमानं आकाशात असतात. धोका नाही, पण रेडिओवर बडबड फार आणि मार्ग कधी बदलावा लागतो.

खाली किती येता येतं तेही लोक विचारतात. माणसं, बोटी, इमारती यांच्यापासून किमान ५०० फूट लांब राहावं लागतं आणि गावावरून जाताना आसपासच्या सगळ्यात उंच गोष्टीच्या १००० फूट वर. कार्नार्वन, कॉन्वी दोन्ही गावातच आहेत. तेव्हा बुरुजाला घासून जाऊ अशी अपेक्षा ठेवू नका. आणि खरं तर किल्ल्याचा आराखडा दीड-दोन हजार फुटांवरूनच नीट दिसतो.

फोटो: गडद रंगाचे कपडे घाला, पांढरा शर्ट काचेत दिसतो. फोन काचेला टेकवू नका, थरथरतो. पोलराइज्ड गॉगल घातलात तर काचेवर इंद्रधनुष्य दिसेल.

---

पर्वती_पायथा

बाप रे, किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. दांडीवरचे दादा, तुमचं सगळं मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं, म्हणजे सरप्राइज गेलंच. चिलखती शब्दाला ते "बरोब्बर" म्हणाले आणि मग त्यांनी आयपॅड मागून घेतला. गेल्या वर्षी, २०२५ मध्ये आपले बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले तेव्हापासून त्यांना यादीचं वेड आहेच. वेल्सचे हे चार १९८६ लाच गेलेत हे कळल्यावर जरा खट्टू झाले. "एकोणचाळीस वर्षं पुढे," असं दोनदा पुटपुटले. हवाबाई, तीन चाकांवर आई हसली. म्हणजे निम्मं काम झालं.

बाबांना घाटात गाडी लागते. त्याचं काय करू? आणि तासभर बाथरूमचं?

---

दांडीवरचा

बाथरूमला निघायच्या आधी जाऊन या, सकाळचा दुसरा चहा टाळा. प्रश्न मिटला.

गाडी लागण्याचं: आमच्यावेळी बाबांनी आलेपाक चघळला. पिशवी सीटच्या खिशात होती, उघडावी लागली नाही. गोळी द्यायची असेल तर त्यांची बाकीची औषधं सांगून फार्मसीत विचारा, आपलं डोकं चालवू नका. उपाशी नेऊ नका, तुडुंब जेवूनही नको. फोनच्या स्क्रीनकडे टक लावून बघायचं नाही, क्षितिजाकडे बघायचं. मी मागे बसून व्हिडिओ काढत होतो, शेवटच्या दहा मिनिटांत घामाघूम झालो. बाबा टुणटुणीत.

सर्दी-नाक चोंदलेलं असेल तर मात्र त्या दिवशी जाऊ नका. कान दुखतात उतरताना.

---

हवाबाई

अनुमोदन. आणि वळण तीव्र वाटलं तर पायलटला "सौम्य वळणं" असं सांगता येतं. त्याला राग येत नाही. आम्हालाही मागे उलटी झालेली नको असते.

---

पर्वती_पायथा

जाऊन आलो! उशिरा लिहितेय, सॉरी.

पहिल्या दिवशी रद्द. सकाळी निळं आकाश, आम्ही तयार होऊन पोचलो आणि ऑफिसातल्या बाईंनी डोंगराकडे बोट दाखवलं. तिथे डोंगरच नव्हता, पांढरी भिंत होती. हवाबाईंचं ऐकून दोन रात्री घेतल्या होत्या म्हणून वाचलो. तो दिवस कार्नार्वनच्या किल्ल्यात खालच्या खाली काढला. बाबांनी विहिरीचा बुरूज शोधून काढला आणि तिथल्या कर्मचाऱ्याला मराठीत "शाब्बास" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी भरतीच्या अर्धा तास आधी उडालो. मी मागे, बाबा पुढे. सीट मागे घेऊन पाठमोरं बसवायची युक्ती अगदी जमली. आई धावपट्टीच्या कुंपणापाशी थर्मास घेऊन उभी होती आणि तिने नवऱ्याचा हात धरून ठेवला होता, नवरा म्हणतो बोटांना मुंग्या आल्या.

काय दिसलं ते दादांनी लिहिलंयच, परत लिहीत नाही. दोन पुलांच्या मध्ये सामुद्रधुनीत एका इवल्या बेटावर एक पांढरं घर आहे, त्याच्याभोवती पाणी भोवरे घेत होतं. तेवढं मला स्वप्नात येतं. ब्यूमॅरिसवर बाबांनी दोन फेऱ्या मागितल्या. त्यांनी पायलटच्या दंडाला हात लावून बोट गोल फिरवलं आणि पायलटने फिरवलं विमान. फोटो माझे बेकार आलेत, काचेवर ओरखडे होते आणि मी पांढराच कुर्ता घातला होता.

हार्लेख नाही झालं. दक्षिणेला परत ढग उतरायला लागले आणि पायलटने क्रिकेथच्या अलीकडूनच वळवलं. बाबा काही बोलले नाहीत. उतरल्यावर त्यांनी पाकिटाच्या मागे पेनने ब्यूमॅरिसचा नकाशा काढला, दोन्ही तट, खंदक, बोट लागायची जागा, आणि आईला समजावून सांगितला. तो आता फ्रिजवर लावलाय. हार्लेखसाठी पुढच्या वर्षी यावं लागेल असं त्यांचं म्हणणं आहे.

आई विचारतेय व्हिसाचे पैसे कोण भरणार.